बदललेले डबे

दुपारी डबा उघडला तर आत कारल्याची भाजी. आमच्या घरात कारलं फक्त बायको खाते. म्हणजे माझी भेंडी तिच्या कॉलेजात पोचली होती. फोन न करताच कळलं.

ती भौतिकशास्त्र शिकवते. संध्याकाळी मी ऐटीत म्हटलं, "एक डबा उघडला की दुसऱ्यात काय ते कळतं. हीच ना तुझी ती क्वांटम गुंतागुंत?"

"नाही रे. डब्यांत काय आहे ते सकाळीच ठरलं होतं. गुंतलेल्या कणांचं मोजेपर्यंत काहीच ठरलेलं नसतं. तरी दोघांची उत्तरं जुळतात, आणि निरोप एकही जात नाही."

मी डबे घासायला घेतले. माझा रिकामाच होता. कारलं कसं संपवलं, कोण जाणे. मग तिचा उघडला. भेंडीला कायम नाक मुरडणाऱ्या बाईने एक फोडही उरवली नव्हती.

सकाळी आम्ही काहीच ठरवलं नव्हतं.