डोंगलची आंघोळ

पुसदमध्ये घर बांधायचं म्हटलं की माणसाला आधी माझ्याकडे यावं लागतं, मग गवंड्याकडे. ही फुशारकी नाही. वस्तुस्थितीच फुशारकीची आहे, त्याला मी काय करणार? खत-बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत माझा स्टुडिओ आहे आणि तिथे मी न बांधलेल्या घरांची चित्रं काढतो. भूमिपूजनाच्या फ्लेक्सवर एका बाजूला आजोबांचा फोटो असतो, दुसऱ्या बाजूला माझं घर. गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, दारात एक पांढरी गाडी उभी करा न." कोणती घेणार, असं विचारलं तर म्हणतं, "घेतो कायले? चित्रात पेट्रोल थोडी लागते!" मी गाडी लावतो. नारळाची झाडंही लावतो. आजवर तालुक्यात मी एवढे नारळ लावलेत की कोकणानं खोबरं आमच्याकडून न्यावं.

घराचा सांगाडा संगणकात उभा करणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे त्याच्यावर ऊन पाडणं. किरण कुठून आला, काचेवर आपटून फरशीवर कसा उतरला, ओसरीत किती सावली उरली, हे सगळं हिशेबानं काढून चित्र हातात देतं ते रेंडरिंगचं सॉफ्टवेअर. आमच्याकडे 'रेंडर लावला' म्हणतात, कुकर लावल्यासारखं. माझ्या जुन्या मशीनवर रेंडर लावला की खालच्या दुकानातल्या फवारणीच्या बाटल्यांना घाम फुटायचा. एकदा एकाच्या गच्चीचं चित्र निघेपर्यंत त्याची खरी गच्ची टाकून झाली होती, आणि वर बायकोनं पापड वाळत घातले होते.

या उन्हाचे पैसे पडतात. खरं ऊन आमच्या जिल्ह्यात फुकट आणि नको तेवढं, पण संगणकातलं ऊन दरसाल भाड्यानं घ्यावं लागतं. भाडं थकलं की सूर्य बंद. कोणी मशीनमागे घेतं, कोणी माणसामागे, कोणी तर मिनिटामागे, रिक्षासारखं मीटर टाकून. म्हणून आधी आम्ही सगळे चोरीची प्रत वापरायचो. खांद्याला पिशवी लावून एक माणूस गावोगाव फिरे, चहा पिई आणि सॉफ्टवेअर 'टाकून' देई. त्याच पिशवीतून एकदा असा व्हायरस आला की माझे चाळीस बंगले एका दुपारी जमीनदोस्त झाले. भूकंपातही एखादी भिंत उरते. माझी चौकटसुद्धा उरली नाही. त्यानंतर मी जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेल्या, कायद्यानं मोकळ्या आणि फुकट सॉफ्टवेअरवर आलो. स्टुडिओत वापरा, शाळेत वापरा, कोणी विचारत नाही. शिकताना एक उन्हाळा गेला, डोक्यावरचे केस गेले, पण झोप परत आली.

हे मी एवढ्या लोकांना सांगत सुटलो की माझी कीर्ती गावाबाहेरच्या कॉलेजपर्यंत गेली. सोयाबीनच्या वावरांमध्ये उभं असलेलं ते कॉलेज एका संस्थेचं, आणि संस्था म्हणजे तिचे अध्यक्ष. त्यांना ॲनिमेशन आणि घरसजावटीचा कोर्स काढायचा होता. शिकवायला मी, आणि सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं हे सांगायलाही मीच.

"फुकट म्हणजे किती?" अध्यक्षांनी विचारलं.

"फुकट म्हणजे फुकट, साहेब."

"तरी?"

"काहीच नाही. पहिल्या सालीही नाही अन् दहाव्या सालीही नाही. वाचलेल्या पैशात चांगले मशीन घेऊ, बाराच्या बारा पोरं एका वेळी काम करतील."

अध्यक्ष माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांच्या मुलीसाठी विनानोकरीचं स्थळ आणलं होतं. "गुरुजी, फुकटाचं लावलं तं मी फी कायची घेऊ? माहितीपत्रकावर काही वजनाचं नाव पायजे का नाही? आर्णीचा बाप, दिग्रसचा बाप, तो नाव पाहून पैसे मोजते. उद्या त्यानं विचारलं, हे तं आमच्या घरीबी येते, मंग तुमचं कॉलेज कायले पायजे? काय सांगू मी त्याले?"



मग नागपूरहून कंपनीचा माणूस आला. एप्रिलच्या दुपारी गळ्यात टाय. त्याला बघून आमच्या पंख्यानंच शरमेनं वेग वाढवला. "एज्युकेशन का स्पेशल रेट है सर," असं म्हणत त्यानं लॅपटॉपवर काचेची शहरं दाखवली. अध्यक्षांनी सगळं बघितलं आणि सगळ्यात वजनदार नावाचं सगळ्यात हलकं लायसन घेतलं, म्हणजे एका मशीनपुरतं. त्याच्याबरोबर बोटाएवढं डोंगल आलं. ते खोचलं तर सॉफ्टवेअर उघडणार, काढलं की मिटणार.

मी म्हटलं, "साहेब, पोरं बारा आहेत. अन् यातली फाईल दुसऱ्या कशातच उघडत नाही. दुसऱ्यात चालेल अशी करून काढायची म्हटली तरी हेच डोंगल लागते. हे गेलं म्हणजे पोरांचं सालभराचं काम गेलं."

"साठ पोट्टे एका फळ्यावर शिकतात. बारा एका डोंगलवर नाही शिकणार? अन् जाते कुठी? तिजोरीत ठेवतो मी ते."

आणि ठेवलंच. रोज सकाळी शिपाई तिजोरीतून डोंगल काढून लाल कापडात गुंडाळून वर्गात आणी. पालखी आल्यासारखी पोरं उठून उभी राहत. मग एक जण काम करी आणि अकरा जण त्याच्या मानेवर श्वास सोडत.

त्या बारा जणांत आर्णीची एक मुलगी होती. वडिलांचं तिथे दुचाकीचं गॅरेज. ही पुसदला मावशीकडे राहून शिकायची. बाकीच्यांनी सोफे केले, झुंबरं केली. कधी कोणाच्या घरी नसतात अशी संगमरवरी न्हाणीघरं केली. तिनं बापाचं गॅरेज केलं. भिंतीवर खिळ्याला लटकलेले पाने, तेल पिऊन काळी झालेली जमीन, एका मोटरसायकलचं पोट उघडं, आणि वर गंजलेला पत्रा. पत्र्याला भोकं. त्या भोकांतून उन्हाचे दांडे खाली आलेले आणि दांड्यांत धूळ. मी आयुष्यात हजार बंगल्यांवर ऊन पाडलं, पण धुळीला चमकवायचं मला कधी सुचलं नाही. तिनं बापाला दाखवायला मोबाईलनं स्क्रीनचे फोटो काढले. बापानं फोन करून एवढंच विचारलं, "तो सतराचा पाना उलटा कायले टांगला?" तिनं तो सुलटा केला.

नागपूरच्या एका स्टुडिओनं दसऱ्यानंतर तिला बोलावलं होतं. त्यांना गॅरेजमधून फिरणारी छोटी फिल्म बघायची होती, आणि काम तिचंच आहे हे कळावं म्हणून फाईलही समोर उघडून हवी होती. घरी बोलणं स्पष्ट झालेलं. "दिवाळीपर्यंत काम लागलं तं जाय नागपूरले," बाप म्हणाला होता. "नाही तं दुकानात काउंटरवर बस. पार्ट देणारा माणूस टिकून नाही राह्यला माह्याकडं." माणूस वाईट नव्हता. काउंटर रिकामं होतं, एवढंच.

खंडेनवमीच्या सकाळी ती माझ्याकडे आली. "सर, सगळं ऊन पाडून झालं. आता फक्त रेंडर लावाचा राह्यला."

"पूजा होऊ दे," मी म्हटलं. "डोंगल आलं की लावून देऊ. सुट्टीभर मशीन आपलंच."

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. संस्थेच्याच आयटीआयवाल्यांनी कानशी, पकडी, हातोडे मांडले. ऑफिसातून शिक्का आला, शिपायानं घंटेचा टोल आणला. मी वर प्रयोगशाळेत मॉनिटरांना झेंडूचे हार बांधत होतो. खाली उतरलो तर समोर तांब्याचं ताम्हण, ताम्हणात विड्याचं पान, पानावर डोंगल, आणि अध्यक्ष त्याच्यावर मध ओतत होते. दूध आणि दही आधीच होऊन गेलं होतं.

मी एवढ्या जोरानं ओरडलो की पार तिकडे हिवरीच्या बैलबाजारात म्हणे बैल बुजले. "साहेब! ते विजेचं यंत्र आहे!"

अध्यक्षांनी मान वळवली नाही. "गुरुजी, संस्थेत याच्यापेक्षा महाग हत्यार कोणतं हाय सांगा. सांगा न. हातोड्याले हळद-कुंकू अन् याले कोरडं ठेवू? आंघोळ नाही घातली तं पूजा कायची?"

"पाणी शिरलं त्याच्यात!"

"एवढ्या महाग वस्तूत पाणी शिरत असन तं कंपनीनं फसवलं आपल्याले. माह्या नातवाचं पेनड्राइव्ह धुण्यात गेलतं. आजबी चालते." मग पाण्याची धार सोडून त्यांनी डोंगल नव्या फडक्यानं पुसलं, त्याच्या तोंडाला कुंकू लावलं आणि वर अक्षता टाकल्या.

मी उचलायला हात पुढे केला. त्यांनी माझं मनगट धरलं. पुजलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, ही रीत. हातोडे उठले नाहीत, शिक्का उठला नाही, मग डोंगल कसं उठणार? निदान धुऊन, वाळवून बघितलं असतं. ते तसंच आत शिरलेल्या मधासकट पाटावर राहिलं. मुंग्या आल्या. दोन दिवस मी येऊन बघत होतो, रांग लागली होती. माझी खात्री आहे की मुंग्यांनी ते लायसन कणाकणानं उचलून वारुळात नेलं, आणि आमच्या पायाखाली आज कुठेतरी मुंग्यांची झगमगीत काचेची शहरं उभी आहेत.

सोनं वाटून झाल्यावर डोंगल खोचलं. मशीन म्हणालं, लायसन सापडत नाही. तांदळात ठेवून बघितलं, उन्हात ठेवून बघितलं, स्पिरिटनं पुसून बघितलं. मुलगी तोवर खुर्चीवरून उठली नाही.

टायवाल्याला फोन लावला. "सर, डोंगल खराब मतलब लायसन खतम. एज्युकेशन में रिप्लेसमेंट नहीं आता. नया लेना पडेगा, फुल."

"पुढच्या बॅचले घेऊ," अध्यक्ष म्हणाले. "अन् पूजेनं बिघडलं असं कोणी बोलाचं नाही. पूजेनं काही बिघडत नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. "सर, माह्याजवळ मोबाईलातले फोटो हायेत," ती म्हणाली.

एसटीनं आम्ही तिघं नागपूरला गेलो: ती, तिचे वडील, आणि तोंडानं भरपाई करायला मी. वडिलांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि नखांतलं ऑइल लपवायला पूर्ण वेळ मुठी मिटून ठेवल्या होत्या. स्टुडिओच्या बाईंनी मोबाईल हातात घेतला. धुळीच्या दांड्यांवर त्यांचं बोट थांबलं, बराच वेळ थांबलं. "लाइट सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "फाईल?"

मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट जशी घडली तशी सांगितली, पदरचा एक थेंब न घालता. दूध, दही, मध. सगळी खोली हसली. एक जण तर खुर्चीवर मागे रेलून म्हणाला, "काका, कहानी मस्त है." चाळीस बंगले पडल्याचं मी सांगतो तेव्हा लोक हळहळतात. आणि हे खरं, तर त्यावर कोणाचा विश्वास नाही. मी मुंग्यांचं सांगितलंच नाही.

बाई हसल्या नाहीत. "फोटोंवर आम्हाला घेता येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि ते सॉफ्टवेअर आम्ही सोडून दिलंय. दरसालचं भाडं परवडेना. आम्ही सगळे फुकटवाल्यावर आलोय." त्यांनी त्याचं नाव घेतलं. माझंच सॉफ्टवेअर. "तुमच्या कॉलेजात ते का नाही शिकवत? ते शिकून या, मग बघू."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी झोपली, किंवा झोपल्यासारखी बसली. कळंब मागे पडलं. वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते बाई म्हणत होत्या ते. ते फुकट हाय?"

"हो."

"म्हणजे एकदम फुकट?"

"एकदम."

"मंग आमी फी कायची भरली, गुरुजी?"



कॉलेजनं नवं डोंगल घेतलं आहे. माहितीपत्रकावर तेच वजनदार नाव, आता सोनेरी अक्षरांत. जुनं डोंगल कुंकवासकट ऑफिसातल्या काचेच्या कपाटात, ढालींच्या रांगेत ठेवलं आहे. मी शिकवणं सोडलं. सोडलं म्हणजे, मी परत फुकटाचं नाव काढलं आणि पुढल्या बॅचला त्यांनी दुसरा माणूस बघितला.

परवा आर्णीत माझ्या स्कूटरची क्लच वायर तुटली. तुटली म्हणजे, ती तिथेच तुटावी म्हणून मी वर्षभर ताणत होतो. गॅरेजमध्ये शिरलो आणि थबकलो. काळी जमीन, खिळ्यांवर पाने, पत्र्याची भोकं, उन्हाचे दांडे, दांड्यांत धूळ. मी हे सगळं आधी बघितलं होतं. फक्त या वेळी काउंटरमागे ती होती.

मी खिशातून पेनड्राइव्ह काढला. "फुकटवालं आणलंय. टाकून देतो. आपण पहिल्यापासून करू, मी येत जाईन."

"याच्यात नाही चालाचं, सर," ती काउंटरवरच्या कॉम्प्युटरकडे न बघताच म्हणाली. "हे बिलाचं मशीन हाय. दुसरं काही टाकलं तं बिलच निघत नाही."

आतून वडिलांनी आवाज दिला, "सरांले चहा सांग वं."

तिनं चहा सांगितला. मग मागच्या फळीवरून दोन क्लच वायरी काढून काउंटरवर ठेवल्या, एक डब्यातली, एक सुटी.

"ओरिजिनल देऊ का लोकल, सर?"

या विषयावर मी दोन तास बोलू शकतो, मधे पाणीही न पिता. उन्हाचा एक दांडा काउंटरवर पडला होता आणि तिनं हात मागे घेतला तेव्हा त्यातली धूळ हलली.

"दे, कोणतीही," मी म्हटलं.