उजवा कौल आणि चाळीस पट

वहिनीचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा नंबर काढत होते. "अगो, हे उठनत नाय. तू ये," एवढंच ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता, दूध नासलंय असं सांगावं तसा. मी कसालच्या दुकानाचं शटर ओढलं आणि मालवणच्या रस्त्याला लागले. तपासणीची जड चौकट नाकावर तशीच घेऊन ते गिऱ्हाईक बाहेर उभं राहिलं होतं, हे मला वाटेतलं कट्टा गाव ओलांडल्यावर आठवलं. बिचाऱ्याने चौथ्या दिवशी ती आणून दिली आणि म्हणाला, "ह्या काचांतून बरां दिसता, ह्योच नंबर देवा." खाडीकाठच्या आमच्या वाडीत पोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. मोहनदादा पहाटे कधीतरी झोपेतच गेला होता. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर वहिनी म्हणाली, "तारीख घेतलली." मला वाटलं, ती भ्रमात काहीतरी बोलतेय... कसली तारीख?

मोहनदादा माझा सख्खा मोठा भाऊ. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाला. वाडीत त्याला सगळे सुभेदारच म्हणत. नोकरीत असताना पलटणीच्या नेमबाजी संघात होता आणि निवृत्तीनंतरही तो नाद सुटला नाही. नामांकित नेमबाज म्हणून त्याच्याकडे लांब पल्ल्याच्या रायफलीचा परवाना होता. वर्षातून एकदा, थंडीत, उत्तरेकडच्या एका लष्करी मैदानावर जुन्या लोकांची स्पर्धा भरायची. हजार मीटरवरचं लक्ष्य, पालथं झोपून मारायचं. आमच्या जिल्ह्यात हजार मीटर सपाट जागा शोधायची तर समुद्रातच जावं लागेल. त्यामुळे दादा वर्षभर सराव करायचा तो बहुतेक गोळीशिवायच. वाडीवरच्या कातळी सड्यावर चटई टाकून पडायचा, श्वास मोजायचा, रिकामा घोडा ओढायचा. लोकांना वाटायचं, सुभेदार माकडांच्या मागावर आहेत. काजूच्या दिवसांत शेजारी चौकशीला येत, आणि दादा त्यांना गंभीरपणे सांगायचा की माकडांना त्याच्याकडून काहीही भीती नाही. एकाने तोंडावर सुनावलं होतं, "सुभेदारांनो, माकडां तुमका वळाखतत. तुमच्या वांगडा बसान चाय पितली."

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्याच्या डोक्यात नव्या दुर्बिणीने घर केलं. रायफलीवरची जुनी दहा पटींची होती. तिच्यातून हजार मीटरवरचं लक्ष्य म्हणजे टिकलीएवढा ठिपका. मागच्या थंडीत थोडक्यात नंबर गेला, तेव्हापासून त्याला वाटत होतं की आपला हात कमी पडला नाही, दुर्बीण कमी पडली. कोल्हापूरच्या एका नेमबाज मित्राकडून त्याने दोन दुर्बिणी बघायला आणल्या. एक पंचवीस पटींपर्यंत जाणारी, दुसरी चाळीसपर्यंत. दोन्ही हातभर लांब. दोन्ही टॉवेलात गुंडाळून एसटीने माझ्या दुकानात आला आणि काउंटरवर ठेवून म्हणाला, "बाय, माणसांचे डोळे तपासतंस, आता बंदुकीचो तपास." वहिनीचं म्हणणं वेगळं होतं. "समोरचो तांब्यो ह्यांका दिसना नाय, आणि हजार मीटरार बघतले," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

मी चष्म्याच्या धंद्यात उभं आयुष्य घालवलेली बाई आहे. भिंगाबद्दल मला हळवं होता येत नाही. मी त्याला कागदावर हिशोब मांडून दाखवला. पुढचं भिंग दोन्हींचं सारख्याच व्यासाचं. त्या व्यासाला पटींनी भागलं की डोळ्यापर्यंत पोचणारा उजेडाचा झोत केवढा ते कळतं. पंचवीस पटींना तो दोन मिलिमीटरच्या वर राहतो, चाळीसला दीडच्याही खाली जातो. म्हणजे चित्र मोठं, पण काळोखं. शिवाय डोकं केसभर इकडेतिकडे झालं की सगळं काळं होणार. बंदुकीचा दणका बसल्यावर एवढ्याशा नजरेच्या खिडकीत लक्ष्य पुन्हा शोधत बसायचं. मोठं दिसणं आणि स्पष्ट दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी रोज गिऱ्हाइकांना समजावते. जाड काचा मागणारी माणसं कमी नसतात. दादाने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने पटींचा विषय सोडून नेम वर-खाली करायच्या चकतीचे खटके मला मोजून दाखवले. इतके पुढे, तितकेच मागे, आणि नेम धरायची आतली फुली बरोबर पहिल्या जागी यायला हवी. न येणारी दुर्बीण कितीही पटींची असली तरी खाडीत फेकावी. त्या परीक्षेत दोन्ही उतरल्या. म्हणजे निवड पुन्हा पटींवरच येऊन बसली.

पुढच्या रविवारी मी वाडीत गेले. दादाने खाडीच्या बांधावर वाळूच्या पिशव्या रचून दोन्ही दुर्बिणी मांडल्या होत्या. ऊन अजून चढलं नव्हतं. पलीकडच्या काठाला ओढून ठेवलेल्या होडीवरचं नाव चाळीस पटींतून असं दिसत होतं की रंगाचा पोपडा कुठे निघालाय तेही सांगता यावं. दादा खुशीत होता. मी विचारलं, तुझी स्पर्धा काय कोंबडं आरवायच्या वेळी असते? मी मुद्दाम जेवेपर्यंत थांबले आणि दुपारी त्याला पुन्हा बांधावर नेलं. वाळूवरून उन्हाची झळ उठत होती. पंचवीस पटींतून होडीचं नाव अजून वाचता येत होतं. चाळीसमधून अक्षरं उकळत्या पाण्यात टाकल्यासारखी नाचत होती. झालं, वाद संपला, असं मी म्हटलं. दादाने डोळा न काढता हळूच म्हटलं, "ती झळ माका होयी गो. वारो त्यातच दिसता."

मला ते पटलं नाही. त्याने समजावलं ते असं : झळ सरळ वर चढत असेल तर वारा नाही, उजवीकडे वाहत असेल तर तिकडचा, आडवी पळत असेल तर जोराचा. हजार मीटरवर गोळीला वारा ढकलतो, आणि तो मधल्या रानात कुणाला दिसत नाही. दिसला तर या हलणाऱ्या अक्षरांतच. तुला जो दोष वाटतो तीच माझी खूण आहे, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, मग पंचवीसमध्येही झळ दिसतेच की, थोडी कमी. तो म्हणाला, थोडी कमीच. आणि दोघांनी पुन्हा आपापल्या दुर्बिणीला डोळा लावला. खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं, आणि तसं झालं की आमच्या घरात निर्णय अडकतो.

निर्णय अडकला की आमच्याकडे माणसं देवळात जातात. ग्रामदेवतेच्या पाषाणाला ओल्या फुलांच्या पाकळ्या लावायच्या, गुरवाने तुमच्या वतीने गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्नापासून विहिरीच्या जागेपर्यंत सगळं असं ठरतं. दादा त्यातला नव्हता. निदान मला तसं वाटत होतं. एका सकाळी त्याचा दुकानात फोन आला. "कौल लावन इलंय. उजवो दिल्यान." मी विचारलं, दुर्बिणीसाठी देवाला त्रास दिलास? तो हसला आणि म्हणाला, "देवाक खंयचो त्रास? तो बसानच आसा." त्याच दिवशी त्याने चाळीस पटींची नवी दुर्बीण मागवली. मी मनात म्हटलं, माझ्या शिक्षणापेक्षा पाकळी शहाणी ठरली, हरकत नाही.

दुर्बीण आली तेव्हा रायफल घरात नव्हती. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची असतात, तशी तीही जमा होती. म्हणून दादा नुसती दुर्बीण घेऊन दुकानात आला. ती आमची शेवटची भेट. मला म्हणाला, बघ. दुर्बिणीच्या मागच्या टोकाला एक कडं असतं, ते फिरवून आतली फुली आपापल्या डोळ्याला स्पष्ट करून घ्यायची असते. दादाचा उजवा डोळा उणे सव्वा, माझा अधिक एक. कडं त्याच्या नंबरावर असलं तर मला फुली अंधुक दिसणार हे उघड होतं. मी चष्मा काढला, कडं माझ्या नंबराला फिरवलं आणि रस्त्यापलीकडे बघितलं. हार्डवेअरच्या दुकानातल्या रंगाच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचता येत होती. चांगली आहे, मी कबूल केलं. आणि परत देताना बजावलं, आता आधी तुझ्या डोळ्याला लावून घे. "करतंय गो. घराक गेल्यार करतंय," म्हणाला. चहा घेतला, एसटी पकडली. दुकानाच्या पायऱ्या चढून आला तेव्हाच त्याला जरा धाप लागली होती. मी म्हटलं, सिगरेट सोडल्यावर वजन वाढतं ते हे.

आता तारखेचं. दिवसकार्य झाल्यावर माणसं पांगली आणि मी वहिनीला विचारलं. दादाच्या हृदयाच्या नळ्यांचं ऑपरेशन करायला हवं, असं पावसाळ्यातच गोव्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. छाती उघडून. त्यानंतर खांद्याला दणका देणारी रायफल कित्येक महिने तरी नाही, आणि त्याच्या वयाला बहुधा कधीच नाही. हे वहिनीला माहीत होतं. मला बोलायचं नाही अशी तिला ताकीद होती. उलट, नवी दुर्बीण मागवलीय हे मला माहीत होतं. वहिनीला त्याने खोकं दाखवून सांगितलं होतं, मित्राचं आहे. म्हणजे ऑपरेशन करायचं तर बंदूक सुटणार, आणि यंदाची थंडी साधायची तर ऑपरेशन लांबणार. एकाच माणसाच्या दोन बाजू आम्ही दोघी सांभाळत होतो आणि एकमेकींना काहीच ठाऊक नव्हतं. मी कौलाचं सांगितलं तशी वहिनी म्हणाली, "दुर्बिणीचो खंयचो कौल? ता आप्रेशनाचा इचारूक गेल्ले. माका तसा सांगलेनी." आणि तिने सांगितलं की त्याच दिवशी संध्याकाळी त्याने इस्पितळात फोन करून तारीखही घेतली होती. स्पर्धेच्या आधीची.

एक कौल, आणि त्याच दिवशी दुर्बीणही मागवली, तारीखही घेतली. मला अर्धवट हिशोब सहन होत नाहीत. नारळ द्यायच्या निमित्ताने मी देवळात गेले आणि गुरवकाकांना सरळ विचारलं, सुभेदारांनी गाऱ्हाणं काय घालायला सांगितलं होतं? काका सभामंडप झाडत होते. म्हणाले, "बाय, गाऱ्हाणां घालूकच दिल्यानी नाय. म्हणाले, तुमी गप रवा काका, मनात घातलंय, देवाक कळता. मगे मी कशाक इचारू?" पाकळी लगेच पडली का, मी विचारलं. "खूप येळ पडाकच नाय. ते आपले उभे. मगे उजवी पडली. पाया पडले नि गेले." पाकळी पडल्यावर दादाच्या तोंडावर काय दिसलं, हे विचारायचं मनात होतं, पण काकांनी पुन्हा केरसुणी उचलली.

तेव्हापासून मी हे सगळ्या बाजूंनी लावून बघतेय. ऑपरेशन करायचं ठरलं होतं तर दुर्बीण कशाला मागवली? स्पर्धेला जायचं होतं तर तारीख कशाला घेतली? वहिनीला गप्प करायला तारीख आणि मला गप्प करायला दुर्बीण, असं म्हणावं तर तो लबाड नव्हता... म्हणजे, नव्हता असं मी आजवर समजत होते. वहिनी म्हणते, त्यांना दोन्ही हवं होतं, माणसाला असतं. असेल. पण देवाला एकच प्रश्न विचारता येतो, आणि हा माणूस हजार मीटरवरचा वारा मोजून घोडा ओढणारा होता.

दुर्बीण आता माझ्याकडे आहे. रायफल अजून ठाण्यातच आहे, तिचं काय ते कागदपत्रं झाल्यावर ठरेल. दुर्बीण कोल्हापूरच्या मित्राला द्यायची असं वहिनीने आणि मी ठरवलं. पाठवण्याआधी भिंगं पुसून घ्यावीत म्हणून गेल्या आठवड्यात मी ती दुकानात उघडली. चष्मा काढून सहज डोळा लावला आणि आतली फुली मला लख्ख दिसली. मी कडं बघितलं. ते माझ्याच नंबरावर होतं, मी सोडलं होतं तिथेच. दादा पलटणीतल्या नव्या पोरांना शिकवायचा, "पयलो डोळो, मगे बंदूक." नवी दुर्बीण हातात आली की आधी आकाशाकडे धरायची आणि कडं फिरवून घ्यायचं, त्याला रायफल लागत नाही, मिनिटभराचं काम. ते त्याने केलं नव्हतं. त्या दिवशी घरी नेल्यापासून त्याने तिला एकदाही डोळा लावला नव्हता. म्हणजे त्याने स्पर्धा सोडली होती, असं मी क्षणभर ठरवूनही टाकलं. मग वाटलं, रायफल ठाण्यातून आली की करू, असंही असेल. धाप लागत होती, वर धरवली नसेल, असंही असेल.

दुपारची वेळ होती. मी ती काउंटरवर वाळूच्या पिशवीऐवजी चष्म्यांच्या खोक्यांवर टेकवली, चाळीस पटींवर नेली आणि कसालच्या रस्त्याकडे रोखली. लांब टोकाला, ओरोसच्या अंगाला, एक पाटी आहे. फुली काळी, ठाम, जराही हलत नव्हती. तिच्यामागे पाटीची अक्षरं झळीत वाहत होती, आधी एका बाजूला, मग बहुतेक दुसऱ्या. दादाने सांगितलेलं सगळं मला आठवत होतं. सरळ चढली तर नाही, आडवी पळाली तर जोराचा. मी बराच वेळ बघत राहिले. पण वारा नेमका कुठला, ते काही मला सांगता येईना.