डमीची नाडी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे — दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या रूमवरची निम्मी भुतं मीच तयार केलेली आहेत. बाथरूमजवळची पांढरी बाई माझी. बंद क्रेनमध्ये बसणारा म्हातारा माझा. नवीन पोरं अंधार पडल्यावर चौघं मिळून लघवीला जातात, ते माझ्या कृपेने. तेव्हा हा माल कसा बनतो ते मला चांगलं ठाऊक आहे. आता सांगतोय ते मात्र मी बनवलेलं नाही... पटलं तर घ्या.

मी विलास, तासगावकडचा. दोह्यात एका होम केअर कंपनीत ड्रायव्हर होतो — नर्स आणि असिस्टंट लोकांना पेशंटच्या घरी सोडायचं, परत आणायचं. अल थुमामाचे स्पीडब्रेकर माझ्या मणक्यांना नावानिशी ओळखतात. ड्रायव्हरला अठराशे रियाल. नर्सिंग असिस्टंटला अठ्ठावीसशे. काम काय, तर पेशंटला अंघोळ घालायची, कूस बदलायची, भरवायचं, बीपी आणि नाडी बघायची. कंपनीने आमच्यासाठी कोर्स काढला आणि अट घातली: प्रॅक्टिकल पास झालात तर नवीन कॉन्ट्रॅक्ट, नापास झालात तर परत गाडीवर, दुसरा चान्स नाही. तिकडे बायकोने त्या वरच्या हजार रियालमध्ये पोरीचं फार्मसीचं ॲडमिशन बसवूनसुद्धा टाकलं होतं. मी पास व्हायचा होतो, आणि ती फीची शेवटची तारीख विचारून आली होती.

कोर्सला माझ्याबरोबर रूममेट दिनू, संगमेश्वरचा. शिकवायला केरळच्या सिस्टर सुसी. आवाज असा की एसी आपोआप दोन डिग्री खाली यायचा. त्यांचा एक नियम होता — पेशंटला हात लावायच्या आधी आपलं नाव सांगायचं, काय करणार ते सांगायचं, विचारायचं, मगच हात लावायचा. पेशंट बेशुद्ध असला तरी. डमी असली तरी.

हो, सरावाला डमी होती. रबराचा टकला माणूस, डोळे रंगवलेले. जुनं मॉडेल, वायर नाही, मोटर नाही. बाकीचे त्याच्यापुढे ‘गुड मॉर्निंग सर’ पुटपुटायचे. मी आपला गावाकडच्यासारखा, "आबा, मी विलास. कूस बदलतो, चालंल न्हवं?"

"त्याचं आधार कार्ड पण विचार," दिनू म्हणायचा.

प्रॅक्टिकल शुक्रवारी सकाळी. नाडीची तिथे एक रीत होती. मनगटावर बोटं ठेवायची, मिनिटभर घड्याळाकडे बघायचं आणि ‘बहात्तर’ म्हणायचं. सगळ्या बॅच बहात्तरच म्हणत आल्या होत्या. दिनूही बहात्तर म्हणून सुटला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

माझी पाळी. "आबा, मी विलास. नाडी बघू का?" म्हटलं आणि बोटं ठेवली.

नाडी लागली.

आता मी पालीची मगर करून सांगतो, हे मान्य. पण इथे वाढवायला काही नव्हतंच. अगदी बारीक होती. तीन ठोके, मग थांबा... असा थांबा की माझाच श्वास अडकावा... मग पुन्हा तीन. रबर गार, आणि आतून ही चाललेली. माझ्याच बोटाची असेल म्हणून दुसरा हात स्वतःच्या गळ्याला लावला. माझी तर सलग पळत होती, रिकाम्या टँकरसारखी.

"बोलो, कितना?" सिस्टर म्हणाल्या.

"बहात्तर म्हण रे," दिनू हळूच कुजबुजला.

बहात्तर म्हटलं की पोरीची फी भरली. आयुष्यभर गरज नसताना खोटं बोललो, आणि गरज पडली तेव्हा जीभ वळेना.

"सिस्टर, बीच में रुकता है. पेशंट ठीक नहीं है. नर्स को बुलाना पड़ेगा."

"विलास, ये नाटक रूम पे करना." त्यांनी येऊन मनगट पकडलं. "कुछ नहीं है. फेल करूँ क्या?"

दिनूने डोळे मिटले. मी म्हटलं, "सिस्टर... आपने उनको नाम नहीं बताया."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मनातल्या मनात गाडीची चावी खिशात टाकली. पण नियम त्यांचाच. त्यांनी हात सोडला आणि त्या वाकल्या. "अंकल, मैं सिस्टर सुसी. आपका पल्स देखती हूँ."

बोटं ठेवली. मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो. एक, दोन, तीन... थांबले. पुन्हा तीन. थांबले. मग हललेच नाहीत. त्या तशाच वाट बघत राहिल्या, बराच वेळ. शेवटी त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, हात अलगद खाली ठेवला, आणि त्या रंगवलेल्या डोळ्यांवरून तळवा फिरवला.

"दोनों बाहर जाओ," म्हणाल्या. आवाज असा, की त्यांचा वाटेना.

बाहेर दिनूने मला धरलं. "खरं सांग भावा, मोबाईल ठेवला होतास ना आत, व्हायब्रेटवर?" मोबाईल सगळ्यांचे बाहेरच्या टेबलावर जमा होते. दुपारी खोली आवरताना मी डमीचं पोटावरचं झाकण उघडलं, हाताची पट्टी सोडून बघितली. स्पंज. बोटांपर्यंत नुसता स्पंज.

मी पास झालो. पोरगी फार्मसीला आहे, अठ्ठावीसशे वेळेवर जमा होतात.

रिझल्टच्या दिवशी सिस्टरना घरी सोडायला मीच गेलो होतो. त्या उतरताना विचारलंच, "सिस्टर, पल्स लगा था ना आपको?"

"तुमने रिपोर्ट किया," त्या म्हणाल्या. "असिस्टंट का काम उतना ही है. आगे का नर्स देखती है."

"तो आगे का?"

"देख लिया," म्हणाल्या, आणि गाडीचं दार हळू लावून गेल्या.

ते काय होतं, मला आजही माहीत नाही. माहीत असतं तर एव्हाना मी त्यात दहा गोष्टी घुसडल्या असत्या. इथे एक शब्द वाढवायला गेलो तरी जीभ थांबते.