विहाराची किल्ली

आमच्या गल्लीतल्या विहाराची किल्ली कधी एका घरात राहिली नाही. पौर्णिमेला वंदना झाली की ती पुढच्या घरी जायची. जिच्याकडे किल्ली, तिने रोज दिवेलागणीला मेणबत्ती लावायची आणि पुढच्या पौर्णिमेपर्यंत गाव सोडायचं नाही. आमची माणसं मराठवाड्यातून इथे परमुलखात, काचीगुड्याला रेल्वेच्या कामावर आली, तेव्हा डोक्यावर वाळू वाहून आम्ही बायकांनीच ते विहार उभं केलं. म्हणून किल्ली बायकांकडेच.

पूर्वी ती फिरून माझ्याकडे यायला वर्ष उलटायचं. मग बिल्डरचा माणूस घरोघर चहा प्यायला बसू लागला आणि घरं रिकामी होत गेली. शेवटी मी आणि समोरची, दोघीच उरलो. आम्ही दोघी नाही म्हणत होतो, तोवर विहाराला हात लागणार नव्हता.

माझा मुलगा याच शहरात, तारनाक्याला राहतो. तो म्हणतो, विहारात येतं कोण आता? त्याच्या पोरांना दारावरच्या पाटीचं मराठी वाचता येत नाही, हिंदी आहे का म्हणून विचारतात. मी म्हटलं, मग तूच शिकवायचं होतंस.

बिल्डरचा माणूस रोज दारात उभा राहायचा.

"अम्मा, चावी किसके कने है?"

"तुझ्याकडे नाही, एवढं पुरे."

गेल्या आठवड्यात त्याने विचारणं सोडलं. कंटाळला असेल, असं मला वाटलं.

परवा दुपारी समोरची आली. पौर्णिमा अजून लांब होती. तिने किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"अक्का, या खेपेला आधीच घ्या. लेकीकडे नांदेडला जाते."

"किल्ली असताना गाव सोडत नाहीत."

"म्हणून तर देते."

चहाला थांबली नाही. दारी आलेली किल्ली आमच्यात नाकारत नाहीत. मी घेतली.

संध्याकाळी मेणबत्ती घेऊन गेले. विहार माझ्या घराला लागूनच आहे. किल्ली कुलपात जाईना. चष्मा पुसून पाहिलं. कुलूप नवं होतं, तेल अजून बोटाला लागत होतं. मागे वळले. समोरच्या घरालाही तसलंच कुलूप.

मी मेणबत्ती पायरीवर लावली. तेवढ्यात बिल्डरचा माणूस टेप घेऊन आला. विहार त्याने मोजलंच नाही. मेणबत्तीला वळसा घालून तो माझ्या दाराशी गेला आणि चौकटीची रुंदी घेऊ लागला.