फेअरिंगवाला

नव्वदच्या दशकात रोह्याच्या एका गॅरेजसमोर मी तिथल्या रासायनिक कंपनीच्या धुराविरुद्ध पत्रकं वाटत होतो. तिथे त्याच कंपनीतला एक कामगार आपल्या मोटरसायकलला वारा अडवणारी फायबरची फेअरिंग बसवत होता. प्रत्येक बोल्ट आवळण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायचा, मग खोकायचा.

"शिफ्टला जाताना वारा छातीत बसतो," तो म्हणाला.

"वारा कसला, दादा? धूर तो! उद्या गेटवर मोर्चा आहे, या."

"ठाव हाय रे. पन कंपनी बंद झाली, तर मना परत पेणच्या मिठागरात धाडशील?"

माझं पत्रक घडी करून त्याने फेअरिंगच्या क्लॅम्पखाली सारलं. "कागद जाड हाय तुझा. आता खडखडनार नाय."

दुसऱ्या दिवशी तो गेटवर आला खरा. फेअरिंगच्या काचेआड मान घालून आमच्या घोषणांमधून सरळ आत गेला.