मैंदर्गीची शांतता

आमच्या खोलीची मागची भिंत आणि कारखान्याची भिंत एकच होती. भवानी पेठेत आमच्या लोकांत कारखाना म्हटलं की एकच अर्थ, यंत्रमागाचा. टॉवेल, चादरी. सकाळी माग सुरू झाले की खिळ्याला अडकवलेला आरसा थरथरायला लागायचा आणि वेणी घालायची तर तो एका हातानं दाबून धरावा लागायचा. असल्या भिंतीची खोली दुसरं कुणी घेत नव्हतं, म्हणून ती आम्हाला परवडत होती.

अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच कारखान्यात मागावर होते. आई घरी बसून मागाच्या धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर सूत भरायची. बाजार पडला की मालक निम्मे माग बंद ठेवायचा, मग अण्णा निम्मा आठवडा घरी. त्या दिवसांत चहा काळा असायचा आणि आई म्हणायची, "दुधानं पित्त होतंय." आम्ही ते खरं धरून चालायचो. अण्णा सातवीत शाळा सोडलेले, आई तिसरीत. माझ्या चुलत बहिणी दहावी झाली की शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर बसल्या. माझ्यासाठीही तिथं एक मशीन जवळजवळ ठरलेलं होतं. आत्या सांगून ठेवायची, "पोरीचा हात सरळ हाय, शिलाई चांगली जमंल."

पण मला गणित जमायचं. दहावीचे मार्क बघून मी अकरावी सायन्सला गेले आणि कॉलेजनं पालकांची सभा ठेवली. अण्णा अर्धा दिवस सुट्टी काढून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. सरांनी बोर्ड, सीईटी, सरकारी कॉलेज, खाजगी कॉलेज असं बरंच सांगितलं. अण्णांना त्यातलं एवढं कळलं की सीईटीला चांगले मार्क पडले तर सरकारी कॉलेजात इंजिनिअरिंगला जागा, नाहीतर खाजगीत. आणि खाजगी आपल्याला झेपणार नाही, म्हणजे मशीन. हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. शेवटी सर म्हणाले, "आणि पालकांनी एवढंच करा, मुलांना घरात शांत वातावरण द्या."

डॉक्टरनं पथ्य सांगावं तसं अण्णांनी ते वाक्य घरी आणलं.

"सरांनी सांगितलंय, पोरीला शांतता पायजे."

आई कांडी भरता भरता थांबली. "शांतता? आपल्यात? कुठनं आणू, मंगळवारच्या बाजारातनं?"

तरी तिनं आणायचा प्रयत्न केला. जुन्या गोधड्या शिवून जाड केल्या आणि मागच्या भिंतीला खिळे मारून टांगल्या. आवाज तसाच राहिला, खोलीत उकाडा तेवढा वाढला. मग कानात कापूस. मग अण्णांनी मालकाला विचारलं, भिंतीलगतचा माग दुपारचा बंद ठेवता येईल का. मालक हसला. "तुझी पोरगी इंजिनिअर झाली की ती आवाज न करणारा माग बनवंल. तवर ह्यो चालू दे."

मला स्वतःला त्या आवाजाचा काहीच त्रास नव्हता, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही नाही. जन्मल्यापासून तो आवाज होता. आमच्या घरात सगळे ओरडून बोलायचे आणि ते ओरडणं आहे हे आम्हाला बाहेरची माणसं सांगायची. कॉलेजच्या वाचनालयात मी मैत्रिणीच्या कानात काहीतरी कुजबुजले, तर तीन टेबलांपलीकडच्या मॅडमनी मला बाहेर काढलं. पण अभ्यासाला शांतता लागते असं सरच म्हणाले होते, तेव्हा लागत असणार.

बोर्डाची परीक्षा संपली. सीईटीला मोजके आठवडे उरले होते आणि अण्णांनी शेवटचा उपाय काढला. आईची थोरली बहीण मैंदर्गीला असते, गावाच्या अगदी कडेला. पुढं शेतच शेत. मला तिथं पाठवायचं.

"तितं पाखरूबी परवानगी काढून वरडतंय," अण्णा म्हणाले. "जा. निवांत अभ्यास कर."

एसटी स्टँडवर आईनं पिशवीत पुस्तकं, शेंगाचटणीची बरणी आणि कडक भाकरी भरून दिल्या. गाडी सुटेपर्यंत दोघं खिडकीखाली उभे होते, लेकीला परदेशी पाठवावं तसे.

मावशीनं माझी बडदास्त ठेवली. वरची खोली, टेबल, पंखा. मला भांडं उचलू देईना. तिच्या नातवंडांनी जिन्यावर पाय जरी वाजवला तरी खालून काका कानडीत दटावायचे, "सुम्न कूड्री!" म्हणजे गप्प बसा. पोरं बिचारी मांजरासारखी चालायला शिकली. मावशीनं शेळीच्या गळ्यातली घंटासुद्धा काढून ठेवली. वर मी आणि समोर पुस्तक. बाकी काही नाही.

आणि मला एक ओळ वाचता येईना.

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. मी थुंकी गिळलेली ऐकू यायची. गणित मांडायला घेतलं की मन खिडकीतून शेतात जायचं आणि तिथनं परत येताना झोप घेऊन यायचं. सराव परीक्षेचा पेपर सोडवला तर सोलापुरात आले होते त्याच्या निम्मेही मार्क नाहीत. दुसरा सोडवला, आणखी कमी. रात्री जेवताना काका विचारायचे, "मग, झाला का अभ्यास?" मी मान हलवायचे. ज्या माणसांनी माझ्यासाठी शेळीची घंटा काढली त्यांना काय सांगणार? आणि घरी काय सांगणार? मला डोळ्यांसमोर ते शिलाईचं मशीन दिसायला लागलं, अगदी त्याच्या सुईसकट.

अण्णांचा फोन रोज दुपारी यायचा, कारखान्याच्या दारात उभं राहून. एके दिवशी मात्र शेजारच्या मागवाल्यानं रजा घेतली होती, त्यामुळं त्यांना जागा सोडता येईना. त्यांनी आतूनच फोन लावला. मी फोन कानाला लावला आणि त्यातून ते सगळं आलं, खटाखट खटाखट, धोटा इकडून तिकडं.

"जेवली का गं?"

"जेवले. तुम्ही?"

"काय?"

"तुम्ही जेवला का?"

"थांब, दोरा तुटला!" म्हणाले आणि फोन चालूच ठेवून कुठंतरी खिडकीत ठेवून दिला.

मी फोन स्पीकरवर टाकला आणि वाट बघत बसले. समोर सकाळपासून अडलेलं एक गणित होतं. हातात पेन होतंच. अण्णा परत आले तोवर ते सुटलं होतं आणि पुढची दोनही.

"हां, बोल."

"अण्णा, फोन ठेवू नका."

"का? काय झालं?"

"काय नाही. तसाच खिडकीत ठेवा. चालू राहू दे."

अण्णांनी कारण विचारलं नाही. किंवा विचारलं असेल, मला ऐकू आलं नाही. पण त्या दिवसापासून दुपारची जेवणं झाली की ते फोन लावून खिडकीत ठेवायचे आणि मैंदर्गीच्या त्या वरच्या खोलीत भवानी पेठेतला कारखाना चालू व्हायचा. माझी गणितं सरसर सुटायची.

हे मावशीच्या लक्षात न येऊन कसं चालेल? तिला जिन्यात उभं राहून एवढंच दिसलं की पोरगी दार लोटून घेते, फोन तासन्‌तास चालू असतो, पलीकडून नुसती कसलीशी खटखट येते, कुणी बोलत नाही आणि पोरगी खुशीत असते. तिनं तिच्या अनुभवाप्रमाणं अर्थ लावला. एका दुपारी दार ढकलून आत आली, टेबलावरचा फोन उचलला आणि गरजली, "कोण हायस रं तू? आईबाप न्हाईत व्हय तुला?"

पलीकडं खटाखट खटाखट.

"बोल की! आता का दातखीळ बसली?"

बऱ्याच वेळानं अण्णांचा आवाज आला, नेहमीच्या पट्टीत. "कोन बोलतंय?"

"मी मैंदर्गीहून बोलतीय!"

"अक्का? मागावर हाय मी, नंतर बोला!" आणि परत फोन खिडकीत.

मावशीनं फोन हळूच टेबलावर ठेवला. मी तिला सगळं सांगितलं. ती कॉटवर टेकली आणि पदरानं डोळे पुसत हसायला लागली. खाली काकांना हाक मारून म्हणाली, "अहो, त्या शेळीची घंटा बांधा परत! आमी उगंच मुकी केली तिला."

दुसऱ्या दिवशी आई न्यायला आली. मावशीनं फोनवर काय सांगितलं होतं कोण जाणे, पण आईचा चेहरा आधी घाबरलेला आणि मग रागावलेला होता. एसटीत बसल्यावर तिनं तोंड उघडलं.

"एवढं सांगायला तुला तोंड नव्हतं व्हय?"

"तुम्ही एवढं केलं माझ्यासाठी..."

"काय केलं गं? एसटीत बसवलं की!" तिकिटं पदराला बांधली आणि म्हणाली, "मला वाटलं तुला तितं कोन काय बोललं. जीव थाऱ्यावर नव्हता माझा." मग पिशवीतून केळं काढून दिलं. प्रकरण मिटलं.

घरी आल्या आल्या तिनं भिंतीवरच्या गोधड्या काढल्या, धुतल्या आणि वाळत टाकल्या. आरसा परत थरथरायला लागला. मी भिंतीला पाठ लावून अभ्यासाला बसले आणि मार्क जिथं होते तिथं परत आले. पुढंही गेले.

आता एकच भीती उरली होती. परीक्षा तर शांततेतच असणार. कॉम्प्युटरसमोर बसायचं, आजूबाजूला कुणी चकार शब्द काढायचा नाही. मैंदर्गीसारखंच. मी हे अण्णांना बोलून दाखवलं, तेव्हा ते कांदा फोडत होते.

"मलाबी सुट्टीच्या दिवशी झोप लागत न्हाय," ते म्हणाले. मला हे माहीतच नव्हतं. आई म्हणाली, "मग? दिवसभर पाय हलवत पडत्यात. मला वाटतंय शेजारी कोन सायकल चालवतंय."

तेव्हा आमचं असं ठरलं की कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना, मी पूर्ण पेपर सोडवायचा. आई दाराशी बसायची आणि कुणी आलं की हातानं लांबूनच पळवून लावायची. पहिल्या सुट्टीला मार्क घसरले. दुसऱ्या सुट्टीला मी अण्णांसारखा पायाचा अंगठा हलवत बसले, मागाच्या ठेक्यात. थोडं बरं झालं. पुरेसं बरं झालं का, ते कळायला तिसरी सुट्टी काही मिळाली नाही. परीक्षाच आली.

त्या दिवशी नेमका आमच्या गल्लीत पाणी यायचा दिवस. सोलापुरात पाण्याचा दिवस चुकवणं म्हणजे काय, हे सोलापूरकरालाच कळेल. पुढचे दिवस बादली घेऊन दारोदार. शेजारची तेलुगू मावशी सकाळीच आली, आईच्या हातातली घागर काढून घेतली आणि म्हणाली, "तू पोरीकडे बघ. तुझं पानी मी भरते. माझं राहिलं तर राहिलं." आईनं मला दहीसाखर दिली आणि अण्णा माझ्याबरोबर निघाले.

परीक्षेचं केंद्र शहराबाहेरच्या एका कॉलेजात होतं. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. फाटकाशी गर्दी. अण्णा सरळ वॉचमनकडं गेले आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "साहेब, आत लई शांत हाय का?"

आख्खं फाटक वळून बघायला लागलं.

वॉचमन म्हणाला, "शांतच असनार की काका. परीक्षा हाय, लग्न न्हाय."

सगळे हसले, मीपण हसले, आणि हसतच आत गेले. ती परीक्षेआधीची शेवटची चांगली गोष्ट असं तेव्हा वाटलं होतं.

आत बसले. पेपर सुरू झाला. मी शांततेची वाट बघत होते, अंगठा तयार ठेवून. शांतता आलीच नाही. मागं एसीचं जुनं मशीन घरघरत होतं. डोक्यावर पंखे. खालच्या मजल्यावर जनरेटर. आणि खोलीभर पोरं माऊस दाबत होती, टकटक टकटक, सगळी एकदम, न थांबता. लांबच्या गल्लीतला कारखाना वाऱ्यावर ऐकू यावा तसं. माझे खांदे आपोआप खाली आले. मी पहिला प्रश्न वाचला, एकदाच वाचला आणि कळला.

बाहेर आले तर अण्णा लिंबाखाली इतर पालकांना मैंदर्गीची गोष्ट सांगत होते. रस्त्यापलीकडच्या रसवंतीवाल्यालाही ती ऐकू गेली असणार. मला बघून थांबले.

"शांत होतं का?"

"नाही अण्णा. मस्त आवाज होता."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि त्या रसवंतीवाल्याला ओरडून दोन रस सांगितले.

निकाल लागला तेव्हा मार्क चांगले होते. पुढं कॉलेजं निवडायची वेळ आली. नेटकॅफेत मी एकेक नाव वाचत होते, सरकारी कॉलेजं, बाहेरगावची. अण्णा शेजारी स्टूलावर. फी, हॉस्टेल, अंतर सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा प्रत्येक कॉलेजाला एकच प्रश्न, "आजूबाजूला कारखाना हाय का काय?" नेटकॅफेवाल्याला वाटलं ते नोकरीचं विचारतायत. तो म्हणाला, "काका, आधी शिकू तर द्या तिला."

पहिल्याच फेरीत एका सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकलला जागा मिळाली. सोडायला दोघंही आले. मुलींच्या हॉस्टेलमागं एसटीचं वर्कशॉप होतं. पत्रे ठोकल्याचा आवाज खोलीत सरळ येत होता आणि माझी खोलीतली जोडीदारीण कपाळाला हात लावून बसली होती. अण्णा खिडकीशी जाऊन थोडा वेळ ऐकत उभे राहिले. मग आईला म्हणाले, "चल. हितं हिची काळजी न्हाय."

चार वर्षांनी मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन सोलापूरला परत आले आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली.