डिले म्हणजे डुलकी

मुलुंडच्या आमच्या इमारतीत लिफ्ट मधेच अडकली की बाकीचे दार बडवायचे आणि शेजारची नलूताई विचारायची, "आता हिला काय वाटतंय, आपण कितव्या मजल्यावर आहोत?" तिने सगळी नोकरी लिफ्टच्या कंपनीत प्रोग्राम लिहिण्यात काढलेली. त्यामुळे कुठलंही यंत्र आत्ता कोणत्या अवस्थेत आहे, हे तिला आधी कळायला हवं असायचं. गेल्या वर्षी ती गेली.

मी व्हिडिओ बघून बघून मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्र चालवणारी छोटी चिप, शिकलेली बाई, बरं का. यांना पक्षाघात झाला, बोलणं गेलं, तेव्हा मी एक पेटी केली. पलंगाजवळ बटण, स्वयंपाकघरात दिवा आणि भोंगा. गोळ्यांच्या वेळी तीच पेटी दिवा लुकलुकवून आठवणही करायची. मला केवढा अभिमान! पण कधीकधी यांनी बटण दाबावं आणि काहीच होऊ नये. एकदा अंथरूण ओलं झालं. त्यानंतर हे बटणाला हातच लावेनात, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी बटण बदलून पाहिलं. तेच.

नलूताईने प्रोग्राम वाचला आणि हसायलाच लागली. "बटण बरं आहे गं सुमे. तुझी पेटी झोपते. दिवा लावला, डिले. विझवला, डिले. डिले म्हणजे डुलकी! त्या डुलकीत भाऊंनी बटण दाबून सोडलं, तर तिला कळणार कसं?"

"मग वेळ कशी मोजू?"

"इडल्या उकडायला ठेवून तू काय कुकरसमोर मांडी घालून बसतेस? चटणी वाटतेस, मधेच घड्याळ बघतेस, वेळ झाली की गॅस बंद. पेटीलाही तसंच फिरत ठेव. दर फेरीत घड्याळ बघायचं, बटण बघायचं, पुढे."

मग पेटीच्या अवस्थांना नावं दिली. गोळीच्या वेळी 'आठवण', बटण दाबलं की 'हाक'. उरलेल्या वेळेला मी लिहिलं 'वाट बघणे'. ते तिने खोडलं. "वाट भाऊ बघतात. पेटीने पहारा करायचा." म्हणून 'पहारा'. आणि कुठल्याही अवस्थेतून थेट हाकेकडे जाता यायला हवं, हे तिने माझ्याकडून दोनदा तपासून घेतलं.

गोळीची आठवण चालू असतानाच मी यांचं बोट बटणावर ठेवलं. भोंगा वाजला. हे बघतच राहिले. मी स्वयंपाकघरात पोचते तोच पुन्हा भोंगा. धावले, तर काही नको होतं. परत फिरले, पुन्हा भोंगा. मी वैतागले, "काय बाई हे! उगाच काय दाबतात?"

"जा गं," नलूताई म्हणाली. "पेटी पास झाली. आता भाऊ तुला टेस्ट करतायत."

पुढचे काही दिवस यांनी ते बटण उगाचच दाबलं आणि मी दर वेळी गेले. मग हळूहळू ते कामापुरतंच दाबू लागले.